उताणे डबे

काल रात्री साडेअकराला बायको स्वयंपाकघरातून डोकावली आणि विचारून गेली, "अजून उताणेच का?"

प्रश्न माझ्याबद्दल नव्हता. जेवणाच्या टेबलावर, जुन्या पेपरवर, आगगाडीचे नऊ डबे चाकं वर करून पडले होते. मी चिमटा आणि भिंग घेऊन त्यांच्यावर वाकलो होतो. म्हटलं, झालंच. हे 'झालंच' आमच्या घरी किती खरं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. असो.

तर आजचा विषय: मॉडेल रेल्वेच्या डब्यांची घट्ट चाकं. तुम्ही म्हणाल, हा काय लिहायचा विषय झाला? पण माझं या बाबतीत एक ठाम मत आहे आणि ते मत बनवायला मला एक इंजिन खर्ची घालावं लागलंय. तेव्हा ऐकून घ्या.

आधी इंजिनाची गोष्ट. २००५ साली पहिल्यांदा ऑनसाइट गेलो, लीड्सला. जवळच यॉर्कला त्यांचं नॅशनल रेल्वे म्युझियम आहे. तिथे एका शनिवारी गेलो आणि बिघडलो. त्यानंतर पर डायम वाचवून वाचवून (म्हणजे रोज मॅगी आणि ब्रेड) एका सेकंडहँड दुकानातून एक डिझेल इंजिन आणि सहा डबे घेतले. ओओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या साधारण शहात्तरावा भाग. रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. परत येताना इंजिन केबिन बॅगेत, कपड्यांच्या घडीत. सिक्युरिटीवाल्याने एक्स-रेमध्ये पाहून उघडायला लावलं आणि मग पाच मिनिटं स्वतःच हातात घेऊन बघत बसला :-)

पुण्यात आल्यावर गच्चीवरच्या खोलीत प्लायवूडवर रूळ मांडले. सहा डब्यांचे पुढे नऊ झाले. आणि गाडी वळणावर अडखळायला लागली. इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, गाडी जागेवरच.

आता इथे आपल्यातला इंजिनियर जागा होतो. चाकं घसरतात म्हणजे पकड कमी, पकड कमी म्हणजे वजन कमी! टायरच्या दुकानातून बॅलन्सिंगची शिशाची वजनं आणली, चांगली ८० ग्रॅम, आणि इंजिनाच्या पोटात चिकटवली. घसरणं बंद! गाडी निघाली. वळणावर संथ व्हायची, तिथे मी रेग्युलेटर पूर्ण फिरवायचो. दोन रविवार असे मजेत गेले. तिसऱ्या रविवारी वळणावर गाडी थांबली, इंजिन गुरगुरलं आणि मग तो वास आला. ज्यांच्या घरी मिक्सर जळलाय त्यांना तो वास सांगायला नको.

पंखे-मिक्सर रिवाइंड करून देणाऱ्याकडे गेलो. त्याने ते बोराएवढं आर्मेचर चिमटीत धरलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता परत दिलं.

बऱ्याच नंतर कळलं की ते चाकांचं घसरणं हाच माझ्या इंजिनाचा फ्यूज होता. असं इंजिन बनवणारा वजनाचा हिशोब असा बसवतो की ओझं जास्त झालं तर आधी चाकं घसरावीत, मोटर फिरत राहावी. मोटर फिरते तोवर ती स्वतःच उलटा दाब तयार करते आणि करंट आटोक्यात ठेवते. ती अडली की हा उलटा दाब शून्य, करंट फक्त तारेच्या रोधावर ठरणार, आणि सगळी वीज उष्णता होणार. मी शिसं भरून काय केलं, तर फ्यूज काढून तिथे जाड तार घातली. आणि मूळ दुखणं इंजिनात नव्हतंच. ते होतं मागच्या नऊ डब्यांत.

म्हणून माझं मत: गाडी अडखळली तर इंजिनाला हात लावू नका. वजन नको, जास्त पॉवर नको, नवं इंजिन तर मुळीच नको. आधी डबे उताणे करा.

ऑफिसमध्ये हे रोज बघतो. अ‍ॅप्लिकेशन स्लो आहे? रॅम वाढवा. तरी स्लो? सर्व्हर बदला. आणि आत कुठेतरी एक क्वेरी प्रत्येक ओळीला अख्खं टेबल चाळत बसलेली असते. तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण सर्व्हर विकत घेता येतो आणि क्वेरी वाचावी लागते. या छंदातही तसंच आहे. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर कायम इंजिन. ॲक्सलचा फोटो मुखपृष्ठावर कोण छापणार?

आता थोडा हिशोब. ढोबळ आहे, पण डोळे उघडतो.

डब्याचं चाक १४ मिमी व्यासाचं. समजा त्याचा ॲक्सल २ मिमी जाड आहे आणि तो साध्या भोकात फिरतोय. प्लास्टिकवर स्टील घासतं, घर्षणांक पाव धरू. ओढायला लागणारं बळ म्हणजे वजन गुणिले पाव गुणिले दोन भागिले चौदा. म्हणजे वजनाचा साधारण अठ्ठाविसावा भाग. म्हणून डबे बनवणाऱ्यांनी युक्ती केली. ॲक्सलची टोकं पेन्सिलीसारखी अणकुचीदार केली आणि ती शंकूच्या आकाराच्या खळग्यात बसवली. याला पिनपॉइंट म्हणतात. आता घासणारा भाग जेमतेम अर्धा मिमी. तोच हिशोब पुन्हा केला की वजनाचा एकशेबारावा भाग येतो. डबा १२० ग्रॅमचा असेल तर ओढायला जेमतेम एक ग्रॅम. नऊ डबे, दहा ग्रॅम. इंजिनाला कळणारही नाही.

पण एक डबा जाम झाला, त्याची चाकं फिरायची थांबून रुळावर नुसती फरफटली, तर तो एकटा वीस-पंचवीस ग्रॅम खातो. म्हणजे एक अडकलेला डबा हा वीसेक चांगल्या डब्यांच्या बरोबरीचा. आणि गंमत अशी की तो बाहेरून ओळखू येत नाही. नऊ डबे एकामागून एक जाताना सगळे सारखेच सभ्य दिसतात.

म्हणून एकेक डबा सुटा करून तपासायचा. माझं यंत्र म्हणजे एक मीटर लांब फळी, तिच्यावर एक सरळ रूळ, आणि एका टोकाखाली सरकवायला पत्त्यांचा कॅट. डबा ठेवायचा, टोक हळूहळू उचलायचं, फळीला बोटाने हलकी टिचकी मारत राहायचं (नाहीतर सुरुवातीचं चिकटलेपण मोजलं जातं), आणि डबा सुटला की उंची मोजायची. उंची १० मिमी म्हणजे शंभराला एक चढ. बास, एवढंच. यापेक्षा साधा प्रोफायलर मी आयुष्यात वापरलेला नाही.

पास-नापासची रेघ मी भोर घाटावरून घेतली आहे. कर्जत ते लोणावळा चढताना सगळ्यात कडक चढ सदतीसला एक, तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. मीटरला २७ मिमी. जो डबा घाटाच्या उतारावरूनही आपणहून सुटत नाही, तो नापास. शास्त्रीय कारण काही नाही, मला घाट आवडतो म्हणून.

काल नवापैकी सहा डबे ९ ते १४ मिमीवर सुटले. दोन तिशीच्या आसपास. आणि एक महाभाग ६२ मिमीवर. मग फळीचं दुसरं टोक उचलून तेच डबे उलट्या दिशेने सोडले तर सगळ्यांचे आकडे चार-चार मिमीने बदलले. मी अर्धा तास बोग्यांमध्ये दिशा-भेद करणारा दोष शोधत होतो... शेवटी लक्षात आलं, मला पाया भक्कम वाटत होता तो आमचा टेबलच एका बाजूला उतरता आहे. पायाखाली पेपरची घडी घातली. (या टेबलावर आमटी कायम एकाच बाजूला का जाते याचाही उलगडा झाला.)

जाता जाता एक शब्दाची गोष्ट. आपण मराठीत अख्ख्या डब्याला 'बोगी' म्हणतो. 'आमची बोगी एस-फाइव्ह.' खरं तर बोगी म्हणजे डब्याखालचा तो वळू शकणारा चारचाकी गाडा. डब्याला दोन बोग्या, बोगीला दोन ॲक्सल. पुढे मी बोगी म्हणेन ती ही.

आता चाक घट्ट का होतं? फुटकळ कारणं आधी उरकतो. ॲक्सलभोवती केस आणि सतरंजीचे धागे गुंडाळलेले असतात. भिंग, चिमटा, ब्लेडचं टोक, संपलं. ब्रेकचे ठोकळे शोभेसाठी चाकाला इतके जवळ दिलेले असतात की घासतात, किंचित खरवडा. डब्यात दिवे असतील तर चाकावर वीज घेणारी तांब्याची पट्टी जोरात दाबत असते. ती हलकी वाकवा. बोगीचा स्क्रू जास्त पिळला असेल तर चाक फिरतं पण बोगी वळत नाही, आणि वळणावर चाकाची कड रुळाला घासते. अर्धा फेरा सोडा.

खरं दुखणं ॲक्सल आणि खळगा यांच्या मापात असतं, आणि तिथे लोक सगळ्यात कमी बघतात. बोगीच्या दोन बाजूंच्या खळग्यांच्या तळांमधलं अंतर ॲक्सलच्या लांबीपेक्षा किंचित, अगदी केसभर, जास्त हवं. बोटाने चाक आडवं ढकललं तर ते जरासं इकडेतिकडे हललं पाहिजे. नाही हललं तर बोगीच्या दोन्ही बाजू ॲक्सलला चिमट्यासारख्या दाबतायत. आणि ही चिमटी फार वाईट, कारण ती डब्याच्या वजनावर अवलंबून नसते. डबा हलका केला तरी ती तेवढीच. वरचा तो अठ्ठाविसावा आणि एकशेबारावा भाग हा सगळा हिशोब तिथे कोलमडतो.

इलाज दोन. बाजू आत वाकल्या असतील तर बोगी गरम पाण्यात मिनिटभर धरायची, हलकेच बाहेर वाकवून तशीच गार पाण्यात. गरम म्हणजे हात भाजेल इतकं, आधण नव्हे. आधणात माझ्या एका बोगीची चकली झाली आहे. आणि खळगाच ओबडधोबड असेल, साच्यातली कड राहिली असेल, तर त्यासाठी एक छोटं हत्यार मिळतं: ॲक्सलसारखीच कांडी, दोन्ही टोकांना शंकूच्या आकाराची कटाई. ते चाकाच्या जागी बसवायचं आणि दोन बोटांनी फिरवायचं. दोन-तीन फेरे. फक्त दोन-तीन! जास्त फिरवलं की खळगा मोठा होतो, डबा खाली बसतो आणि शेजारच्या डब्याशी कपलिंग जुळत नाही. मला हे सांगण्याचा अधिकार आहे.

फार झिजलेल्या बोगीला दोन मिमीचं भोक पाडून पितळी टोपीसारखं बेअरिंग बसवता येतं. काम किचकट आहे, पण एकदा केलं की तो डबा विसरून जायचा.

आता तेल. इथे माझा आवाज थोडा चढणार आहे.

काहीही अडलं की तेल घालणं हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. दार कुरकुरतंय, तेल. शिलाई मशीन जड, तेल. मीही घातलं होतं, सगळ्या छत्तीस ॲक्सलना, शिलाई मशीनचं. एका हिवाळ्यात ते संपलं म्हणून खोबरेल! खोबरेल २४-२५ अंशाखाली गोठायला लागतं हे ज्याने डिसेंबरात डबी शेगडीजवळ ठेवली आहे त्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. मला त्या दिवशी ते आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलेना. दुपारी ऊन आल्यावर हलली. ही केस मी दोन दिवस 'वेळेनुसार बदलणारा दोष' म्हणून तपासत होतो.

गोठणं तर सोडाच, पातळ राहिलेलं तेल जास्त नडतं. ते धूळ धरतं, धुळीचं काळं मलम होतं, ते खळग्यात बसतं. आणि जादाचं चाकावर उतरतं, चाकावरून रुळावर, रुळावरून इंजिनाच्या चाकावर. आता इंजिन का घसरत होतं कळलं? मीच रुळांना तेल लावलं होतं, आणि मीच पकड वाढवायला शिसं भरलं. एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी इंजिनाला मारलं.

प्लास्टिकच्या खळग्यात स्टीलचं टोक असेल तर तेल लागतच नाही. फार वाटलं तर ६बी पेन्सिलीचं टोक ॲक्सलच्या अणीवर घासा, तेवढं ग्रॅफाइट पुरतं. पण अणीवरच. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, आणि दोन चाकांना एकमेकांपासून तोडणारं प्लास्टिक ॲक्सलवर असतं, तिथे ते चोपडू नका.

दुसरा प्रचलित सल्ला म्हणजे 'सगळी चाकं मेटलची टाक.' मेटलची चाकं चांगली असतात, वाद नाही. प्लास्टिकच्या चाकांवर काळा थर लवकर चढतो, मेटलवर कमी. पण मी सहा डब्यांची एकगठ्ठा बदलली तेव्हा तीन डबे आधीपेक्षा वाईट झाले. जुने ॲक्सल २५.४ मिमी लांब होते, नवे २६. बोहरी आळीतून आणलेला व्हर्निअर घरात असून मी मोजलं नव्हतं! चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतरही बघायला हवं होतं, ते साडेचौदा मिमीच्या आसपास लागतं, नाहीतर डबा सरळ रुळावर छान पळतो आणि सांध्यावर उतरतो. न मोजता बदलणं म्हणजे एक बग काढून त्याच्या जागी दुसरा बसवणं.

आणि 'नवा डबाच घे' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. त्यात २०२१ पासून आयात खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा. कस्टमच्या लेखी माझी गाडी खेळणंच. बायकोच्याही. त्यामुळे आहेत ते डबे जन्मभर चालवायचे आहेत या हिशोबानेच मी बसतो.

खऱ्या रेल्वेत हे शहाणपण केव्हाचं आहे. लांब पल्ल्याची गाडी मोठ्या स्टेशनात शिरते तेव्हा फलाटाच्या टोकाला, रुळाशेजारी, कॅरेज अँड वॅगन खात्याची माणसं बसलेली दिसतात. याला रोलिंग-इन तपासणी म्हणतात. इंजिनाकडे त्यांचं लक्ष नसतं. ती खाली बघतात आणि ऐकतात: कुठलं चाक सपाट झालंय, काय लोंबतंय. गाडी थांबली की ॲक्सल बॉक्स तापलाय का ते तपासतात. न थांबता जाणाऱ्या गाडीकडेही स्टेशनवरची माणसं हिरवा झेंडा धरून बघत उभी असतात ती उगाच नव्हे. तापलेला ॲक्सल पुढे मोडू शकतो. आपण फलाटावरचे सगळे मात्र इंजिन कुठलं लागलंय ते बघतो.

पुण्यात कर्वे रोडजवळ भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ साली लोकांसाठी उघडलं. पोरांना घेऊन गेलात तर एकदा इंजिन जाऊ द्या आणि शेवटच्या डब्याची चाकं बघा. खेळामागून खेळ लोकांसमोर गाड्या पळवायच्या तर कोणीतरी मागे बसून एकेक चाक बघितलेलं असणार, त्याशिवाय हे होत नाही. माझा भाचा तिथे टाळ्या वाजवत होता आणि मी गुडघ्यावर बसून डब्यांखाली बघत होतो. लोकांना वाटलं माझं काहीतरी पडलंय.

जळालेलं इंजिन अजून आहे. मोटर नाही, पोटातलं शिसं काढलेलं, शोकेसमध्ये. त्याच्या जागी जे घेतलं त्याचं वजन मी ग्रॅमभरही वाढवलेलं नाही.

तीसवाले दोन डबे आज सकाळी ११ आणि १३ वर आले. एकात केस होता, एकाची बाजू वाकलेली. तो ६२वाला मात्र चिवट आहे. खळगे साफ केले, ॲक्सल मोजला, स्क्रू सैल केला, आता ४१. चारपैकी तीन ॲक्सल मोकळे फिरतात. चौथा आधी फिरतो आणि मग एका ठरावीक जागी अडतो, म्हणजे चाक बहुतेक ॲक्सलवर तिरकं बसलंय. ते काढून पुन्हा बसवायचं तर हात स्थिर हवा, आणि आतून आवाज आला आहे की जेवायची ताटं घ्यायची आहेत, टेबल रिकामं करा.